मालकाने भरायचे पैसे मी भरले

मिरजेतील ट्रक दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी १४ वर्षांपासून डिझेल मेकॅनिक आहे. ऑस्ट्रेलियात मोठ्या शहरांबाहेर कुशल कारागीर पुरेसे मिळत नाहीत, म्हणून तेथील मालक परदेशातील माणसांना स्पॉन्सर करतात, ही गोष्ट खरी आहे. आणि ती खरी असल्यामुळेच पुण्यातील एका सल्लागाराला माझ्याकडून अकरा महिन्यांत ६,४०,००० रुपये काढता आले.

त्याने नाव घेतले ते सबक्लास ४९४ या, मोठ्या शहरांबाहेरील मालकाने स्पॉन्सर केलेल्या कामगारासाठीच्या ऑस्ट्रेलियन व्हिसाचे. हा व्हिसा १६ नोव्हेंबर २०१९ पासून अस्तित्वात असून तो पाच वर्षांचा असतो, आणि अटी पाळून तीन वर्षे काढल्यावर १९१ या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. आधी मालकाला स्पॉन्सर म्हणून मान्यता, मग त्या जागेचे नामांकन व त्यासोबत प्रादेशिक प्रमाणन संस्थेचा अभिप्राय, आणि शेवटी कामगाराचा अर्ज, हा क्रम त्याने मला अचूक सांगितला. वय ४५ च्या आत हवे, कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, कौशल्य मूल्यांकन आणि इंग्रजीची परीक्षा हवी, हेही त्याने लपवले नाही. नियम त्याने बरोबर सांगितले. फक्त कोणता खर्च कोणाचा, तेवढे फिरवले.

फाइल उघडण्याचे १,५०,००० रुपये मी रोख दिले. त्यानंतर प्रमाणन संस्थेच्या शुल्कापोटी १,२०,००० गेले. पुढे त्याने प्रशिक्षण निधीची लेव्ही, म्हणजे सक्तीचे सरकारी शुल्क, काढली आणि सरकारी संकेतस्थळ माझ्यासमोर उघडून दाखवले, की वार्षिक उलाढाल एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा कमी असलेल्या मालकासाठी ती ३,००० डॉलर असते. आकडा खरा होता, म्हणून मी १,७०,००० रुपये त्याच्या खासगी बचत खात्यावर पाठवले. ही लेव्ही मालकानेच भरायची असते आणि ती कामगाराकडून वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे, हे मी तेव्हा वाचले नाही. पडद्यावर माझे लक्ष फक्त आकड्याकडे होते. शेवटचे २,००,००० स्पॉन्सरशिप डिपॉझिट म्हणून गेले. असे कोणतेही डिपॉझिट या व्हिसात नसते.

बिंग फुटले ते नोकरीच्या पत्रामुळे. ऑस्ट्रेलियात जिलाँगला राहणाऱ्या मावसभावाला मी ते कौतुकाने पाठवले, तर त्याचा लगेच फोन आला. "दादा, पत्ता डँडेनाँगचा आहे. हे मेलबर्नच झाले. जिलाँग चालते, बॅलरॅट चालते, डँडेनाँग कसे चालेल?" सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन या तीन महानगरांबाहेरील भागच या व्हिसासाठी प्रादेशिक मानला जातो. ज्याने मला सगळे नियम तोंडपाठ म्हणून दाखवले, त्याला बनावट पत्रासाठी एक बरोबर गावसुद्धा निवडावेसे वाटले नाही.

त्या रात्री, जे पहिल्या दिवशी करायचे ते आम्ही केले. त्याच्या कार्डावरचा स्थलांतर सल्लागाराचा नोंदणी क्रमांक तेथील अधिकृत नोंदवहीत घातला, तर नाव भलत्याच व्यक्तीचे आले. आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ई-मायग्रेट या भारत सरकारच्या संकेतस्थळावरील परवानाधारकांच्या यादीत त्याची फर्म नव्हती.

पैसे परत मागितल्यावर तो मुळीच चिडला नाही. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणे जसे बेकायदा, तसे देणेही बेकायदा आहे, तक्रार केलीत तर तुमचेच नाव कायमचे खराब होईल, असे त्याने शांतपणे सुनावले. डिसेंबर २०१५ पासून तेथे असा कायदा खरोखरच आहे आणि त्याखाली व्हिसा रद्दही होऊ शकतो. मात्र माझा अर्जच कोठे दाखल झालेला नव्हता, मग रद्द काय होणार? एवढा साधा विचार सुचायला मला दोन महिने लागले, आणि तोवर त्याने कार्यालयाची जागा सोडली होती.

पोलिसांकडे अर्ज दिला आहे. रोख रकमेची जी एकमेव पावती माझ्याकडे आहे, तिच्यावर व्हिसा, नोकरी किंवा ऑस्ट्रेलिया यांपैकी एकही शब्द नाही. 'कागदपत्र साहाय्य, रक्कम परत मिळणार नाही' असे छापलेले असून त्याखाली सही माझी आहे.