दहा किलोवॉट ऑन-ग्रिड की सहा किलोवॉट हायब्रिड? किनाऱ्यावरच्या मोठ्या घराचा हिशोब

बजेट सहा लाखांच्या आसपास असेल, तर छपरावरच्या सौर विजेसाठी कोकणातल्या मोठ्या घरासमोर सध्या दोन पर्याय येतात. एक, १० किलोवॉटची थ्री फेज ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारांवर (ग्रिडवर) अवलंबून चालणारी यंत्रणा: ५५० वॉटचे १८ पॅनेल, बॅटरी नाही. दुसरा, ६ किलोवॉटची सिंगल फेज हायब्रिड, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी: तसेच ११ पॅनेल आणि पाच-पाच युनिटांच्या दोन लिथियम बॅटऱ्या. मोठे घर म्हणजे दोन-तीन एसी, दोन फ्रीज, विहिरीवर पंप आणि मे महिन्यात मुंबईहून उतरणारी मंडळी. मी दुसरा पर्याय घेतला. पहिला घेणारा चुकतो असे अजिबात नाही, त्याचा खप वेगळा असतो इतकेच.

आधी पैशांचे बोलू. अनुदानासाठी देशी सेलचे म्हणजे डीसीआर पॅनेल लागतात. ते धरून १० किलोवॉट ऑन-ग्रिड साधारण साडेपाच ते सव्वासहा लाखांत बसते. हायब्रिडचा हिशोब असा: पॅनेल, स्ट्रक्चर, वायरिंग आणि अर्थिंग मिळून तीन लाखांच्या आतबाहेर, इन्व्हर्टर लाखभर, १० युनिटांची बॅटरी दोन लाखांच्या आसपास आणि घरातली बॅकअपची सर्किट वेगळी काढायला पंधरा-वीस हजार. फिरून आकडा तोच येतो. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांवर थांबते. त्यापुढे सहा घ्या की दहा, रक्कम तेवढीच, आणि बॅटरीसाठी वेगळे काही नाही. ‘मोठी घ्या, अनुदान वाढेल’ असे कोणी सांगू लागला तर त्याला तिथेच थांबवा.

किती किलोवॉट लागतील हे बहुतेक जण बारा बिलांची बेरीज करून ठरवतात. इथे ती पद्धत पुरत नाही. आमच्याकडच्या अनुभवावरून एक किलोवॉट एप्रिल-मेमध्ये दिवसाला साडेचार युनिटे देतो, ऑक्टोबर ते मार्च सव्वाचारच्या आसपास आणि पावसाच्या चार महिन्यांत सरासरी अडीच. झड लागली की एकाच्याही खाली. आता नेट मीटरिंगचे, म्हणजे ग्रिडला दिलेली युनिटे घेतलेल्या युनिटांतून वजा करायच्या हिशोबाचे, वर्ष ३१ मार्चला संपते. त्या दिवशी शिल्लक राहिलेली युनिटे पुढे येत नाहीत. त्यांचे पैसे मिळतात, पण तुम्ही वीज ज्या दराने घेता त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. म्हणजे थंडीत साठवलेली युनिटे एसी सुरू व्हायच्या तोंडावर हातातून जातात. एप्रिल-मेमध्ये उरलेली मात्र पावसाळ्यात कामी येतात.

म्हणून वर्षाचे दोन तुकडे करून पाहावे. समजा, घराला एप्रिल-मेमध्ये महिन्याला ९००, पावसाळ्यात ५०० आणि थंडीत ४०० युनिटे लागतात. एप्रिल ते सप्टेंबरचा खप झाला ३,८००. सहा किलोवॉट या काळात साधारण ३,५०० देतात, दहा किलोवॉट ५,८००. पुढच्या सहा महिन्यांत लागतात २,४००. सहा किलोवॉट तेव्हा ४,६०० तयार करतात आणि दहा किलोवॉट ७,७००. अशा घरात दहा किलोवॉटची अर्ध्याहून जास्त वीज स्वस्तात विकली जाते. दहा शोभतात ते वर्षाला बारा-तेरा हजार युनिटे खाणाऱ्या घराला, आणि तीही थंडीत खप टिकून असेल तर: मोठे एकत्र कुटुंब, दोन-तीन डीप फ्रीजर, रोजचे ओलित.

परवानगीत फारसे अडत नाही. १० किलोवॉटपर्यंत वेगळ्या तांत्रिक तपासणीशिवाय अर्ज मान्य धरतात आणि मंजूर भारही त्याप्रमाणे वाढवून मिळतो. पण आठ किलोवॉटच्या वर सिंगल फेज जोडणी चालत नाही. त्यामुळे तुमच्या वाडीपर्यंत तीन फेजच्या तारा आल्या आहेत का, हे कोटेशन मागवण्याआधी खांबाकडे मान वर करून पाहा. शिवाय थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त असतो. छपरावर कितीही वीज झाली तरी तो बिलात राहतोच.

माझे मन जिथे फिरले ती गोष्ट कोणत्याच कोटेशनमध्ये नसते. लाईट गेली की ऑन-ग्रिड बंद पडते, हे सगळ्यांना ठाऊक असते. एक फेज गेला तर काय होते, हे कोणी विचारत नाही. थ्री फेज इन्व्हर्टरला तिन्ही फेज लागतात. डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला एका फेजचा फ्यूज उडाला की तो पूर्ण थांबतो, उरलेल्या दोन फेजवर एक युनिटही देत नाही. गावात अशा वेळी सगळे काय करतात? फेज बदलायचा स्विच फिरवतात. घरात दिवे लागतात, पंखे फिरतात, म्हणून वायरमनला फोन करायची घाई कोणालाच नसते. वर गच्चीवर लखलखीत उन्हात इन्व्हर्टर लाल दिवा दाखवत उभा. मेमध्ये हे रोजचे ४५ युनिटांचे नुकसान आहे. मोबाईलवरचे ॲप पाहायची सवय नसेल तर ते थेट बिलातच कळते. वळवाच्या दिवसांत फांद्या तारांवर पडतात, तेव्हा हे वारंवार घडते. दर खेपेला लाईट परत येऊन स्थिर झाल्यावरही इन्व्हर्टर थोडा वेळ थांबूनच जोडतो, तो वेळ वेगळाच.

हायब्रिडला याचे सुतक नाही. फेज गेला, व्होल्टेज चढले, पूर्ण लाईट गेली, काहीही झाले तरी तो ग्रिड सोडतो आणि छप्पर व बॅटरीवर घर चालवत राहतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या अनेक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. अशा वेळी ढगाळ हवेतही सहा किलोवॉट आठ-नऊ युनिटे देऊ शकतात. तेवढ्यात फ्रीज, दिवे, पंखे आणि तासभर पंप निभतो.

त्याच्या खोडीही सांगायला हव्यात. पहिली: दहा युनिटांच्या बॅटरीतून साडेआठ-नऊच हाताशी येतात. फ्रीज, पाच पंखे, दिवे, टीव्ही यांत रात्रीची पाच जातात. दीड टनाचा एसी रात्रभर चालवला तर आणखी पाच-सहा लागतात, म्हणजे पुरत नाही. दुसरी: इन्व्हर्टर स्वतःच दिवसाला युनिट-दीड युनिट खातो. तिसरी: तीन एचपीचा थ्री फेज पंप बॅकअपवर चालणारच नाही. एक एचपीचा सिंगल फेज चालतो, पण सुरू होताना तो पाच-सहा पट करंट ओढतो, म्हणून त्या क्षणी एसी बंद असावा. चौथी खोड जुन्या घरांची. बॅकअपच्या आणि बाकीच्या सर्किटांचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेला असतो आणि मग आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती दिसताच पुरवठा तोडणारा स्विच, सारखा पडतो. न्यूट्रल वेगळे काढायला एक हुशार इलेक्ट्रिशियन आणि दोन दिवस लागतात. ते काम आधी करा, बॅटरी नंतर आणा.

मीटर लांब असेल तर आणखी एक. १६ चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम केबलवरून शंभर मीटर लांब ५ किलोवॉट बाहेर ढकलले, तर घराशी व्होल्टेज आठेक व्होल्टने चढते. दुपारी डीपीवरच २४८ असेल, तर २५३ च्या वर जाऊन इन्व्हर्टर ग्रिड सोडतो. २५ किंवा ३५ ची केबल टाकली की हा त्रास बराच उतरतो.

खाऱ्या हवेचा खर्च दोन्हीकडे आहे, फक्त दहा किलोवॉटला जास्त. सांगाडा हॉट डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, जस्ताचा थर ८० मायक्रॉनचा. जागेवर पाडलेली भोके आणि कापलेली टोके आधी गंजतात, म्हणून त्यांवर झिंकचा रंग लगेच लावायचा. नटबोल्ट एसएस ३१६ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. समुद्र दिसत असेल तर ३०४ वर तांबूस डाग चढतात. पॅनेलला आयईसी ६१७०१ ही खाऱ्या हवेची चाचणी झालेली असावी. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंग ढिले होते, म्हणून डीसी, एसी आणि आकाशातल्या विजेचा अरेस्टर अशा अर्थिंगच्या तिन्ही खड्ड्यांचा रोध मेमध्ये मोजून घ्या, पावसात नव्हे. १८ पॅनेलला वाऱ्यापुढे ४६ चौरस मीटरचे शीड होते, ११ ला २८ चे. माडांच्या सावलीतून ११ सहज सुटतात आणि आमसुले वाळत घालायला गच्चीचा कोपराही उरतो. घरातल्या बायकांचे मत विचारलेत तर या मुद्द्यावर निकाल लागून जाईल.

खप खरोखरच दहाचा असेल, तर एका थ्री फेज इन्व्हर्टरऐवजी पाच-पाच किलोवॉटचे दोन सिंगल फेज इन्व्हर्टर दोन वेगळ्या फेजवर चालतील का, हे महावितरणच्या उपविभागात आधी विचारा. एक फेज गेला तरी बहुधा निम्मी यंत्रणा चालू राहते. आणि हायब्रिड आवडले पण बॅटरीचे दोन लाख आत्ता नसतील, तर इन्व्हर्टर हायब्रिडच घेऊन बॅटरी पुढच्या वर्षी जोडा. कोटेशनवर तीन गोष्टी लिहून घ्या: बॅटरी ४८ व्होल्टची लागते की हाय व्होल्टेजची, कोणत्या कंपन्यांच्या बॅटऱ्या इन्व्हर्टरशी जुळतात आणि ग्रिड नसताना बॅकअपच्या टोकाला किती किलोवॉट मिळतात. पावसाळ्यात बॅटरीतली किमान शिल्लक ५०-६० टक्क्यांवर ठेवा आणि रात्री ग्रिडवरून चार्ज होऊ द्या. दसऱ्यानंतर ती २०-२५ वर आणली तरी चालते.