ऑनलाईन बीटूबी ऑर्डरिंग पोर्टल: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

आम्ही कारखान्यांना मेंटेनन्सचा माल पुरवतो, नट-बोल्ट, बेअरिंग, ऑइल सील असलं सगळं. आधी ऑर्डर मेलवर यायच्या, फोनवर यायच्या, कुणी एक्सेल पाठवायचं, कुणी छापलेल्या पीओचा (पर्चेस ऑर्डर, खरेदीची लेखी ऑर्डर) फोटो, आणि आमची माणसं दिवसभर ते ईआरपीत (रेट, स्टॉक, हिशोब सांभाळणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) टाईप करत बसायची. म्हणून बीटूबी, म्हणजे एका कंपनीने दुसरीला विकण्याचं, पोर्टल घेतलं, त्यावर ग्राहक स्वतःच ऑर्डर टाकतो. रोज वापरून आता बरेच महिने झालेत, जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

पहिलं बघायचं ते हे की रेट आणि स्टॉक येतो कुठून. किरकोळ विक्रीत एका वस्तूला सगळ्यांना एकच किंमत चालते, आपल्या धंद्यात प्रत्येक पार्टीचा रेट वेगळा, त्यात क्वांटिटीचे स्लॅब, वरून रेट कॉन्ट्रॅक्ट आणि त्याची मुदत. हे सगळं ईआरपीत असतंच. पोर्टल तिथून त्याच क्षणी रेट घेत असेल तर उत्तम, पण रात्री एकदा फाईल उचलत असेल तर दुपारी बदललेला रेट ग्राहकाला उद्या दिसणार. आमचे रेट लाईव्ह आहेत पण स्टॉक ठराविक वेळानेच सिंक व्हायचा, त्यामुळे एकच माल दोन पार्ट्यांनी बुक केला असं व्हायला लागलं आणि एकीला बॅकऑर्डर, म्हणजे माल नंतर मिळेल असं, सांगावी लागायची, ते ऐकायला कुणालाच आवडत नाही. शेवटी व्हेंडरच्या, म्हणजे पोर्टल विकणाऱ्या कंपनीच्या, मागे लागून कन्फर्म दाबताना स्टॉक पुन्हा तपासला जाईल असं करून घेतलं. आणि हो, ईआरपी बंद असेल तेव्हा पोर्टल काय करतं हेही विचाराच. आमचं ऑर्डर घेऊन ठेवतं आणि रेट आल्यावर कन्फर्मेशन पाठवतं, मला हे बरोबर वाटतं.

आता युनिट. याबद्दल डेमोत कुणी बोलत नाही आणि रोजचा सगळ्यात जास्त त्रास इथेच. बोल्ट आम्ही १०० च्या पेटीत विकतो, रेट शेकड्यावर, गोदामात मोजणी नगात. ग्राहकाकडच्या पर्चेसवाल्याच्या पीओत असतं ५०० नग, तो क्वांटिटीच्या चौकटीत ५०० टाकतो आणि पोर्टल त्याला ५०० पेट्या समजतं, म्हणजे ५०,००० नग! अशी ऑर्डर खरंच आली होती, गोदामातल्या माणसाला आकडा खटकला म्हणून माल निघाला नाही. आता चौकटीच्या शेजारीच ‘५ पेट्या = ५०० नग’ असं दिसतं, आणि कुणी ४५० टाकले तर ५०० करू का असं विचारतं. विकायचं युनिट, रेटचं युनिट आणि स्टॉकचं युनिट ही तीन वेगळी ठेवता येत नसतील तर ती सिस्टीम घेऊ नका, बाकी कितीही चांगली असू दे. कारण गोंधळ डिस्पॅचवर संपत नाही, ग्राहकाकडे पीओ, माल मिळाल्याची नोंद आणि इनव्हॉइस तिन्ही जुळल्याशिवाय पेमेंट सुटत नाही, आणि युनिट चुकलं की तिन्हीत आकडे वेगळे.

दुसरी गोष्ट, पर्चेसवाला पोर्टलवर फिरायला येत नाही. त्याच्याकडे यादी तयार असते, ती एक्सेलमधून कॉपी करून पेस्ट करता आली पाहिजे, तीही त्याच्या स्वतःच्या आयटम कोडने. आम्ही पार्टीवार कोड जोडून दिले तेव्हा कुठे लोक खऱ्या अर्थाने पोर्टलवर आले. फोटो, बॅनर यावर वेळ घालवू नका, सर्चवर घाला. ६२०४ बेअरिंग घ्या, कुणी झेडझेड लिहितं कुणी २झेड, दोन्हीचा अर्थ दोन्ही बाजूंना पत्र्याची शील्ड, तेव्हा दोन्ही शोधांना दोन्ही दिसले पाहिजेत. पण २आरएस म्हणजे रबर सील, ते त्यांच्यात मिसळून चालणार नाही. आमच्या सर्चला हे सगळं हाताने शिकवावं लागलं, अजूनही चालूच आहे.

मोठे ग्राहक असतील तर पंचआऊट लागणारच. त्यांचा माणूस त्यांच्याच सिस्टीममधून, म्हणजे अरिबा, कूपा असलं खरेदीचं सॉफ्टवेअर, आपला कॅटलॉग उघडतो, कार्ट भरतो आणि कार्ट परत त्यांच्याकडे जाते. ती ऑर्डर नसते हे आपल्या टीमला नीट समजावून सांगा, तिकडे मंजुरी मिळाल्यावरच पीओ येतो आणि तोपर्यंत कार्टमधला रेट टिकला पाहिजे. व्हेंडर ‘पंचआऊट आहे’ म्हणाला की लगेच विचारा सीएक्सएमएल का ओसीआय, दोन सिस्टीमनी एकमेकींशी बोलायच्या या दोन वेगळ्या ठरलेल्या पद्धती आहेत. सीएक्सएमएलमध्ये पीओसाठीही मेसेज ठरलेला आहे, ओसीआयचं काम मात्र कार्ट परत देण्यापर्यंतच, पीओ कसा येणार ते वेगळं ठरवावं लागतं, मेल किंवा ईडीआय (कागदपत्रं एका कंपनीच्या सिस्टीममधून थेट दुसरीच्या सिस्टीमला पाठवणं). आमच्या व्हेंडरने हे आपणहून सांगितलं नाही, काम अर्ध्यात आल्यावर कळलं आणि एक मोठी पार्टी उगाच ताटकळली.

मंजुरीची साखळी चांगली आहे, ठराविक रकमेवरची ऑर्डर साहेबांकडे जाते, ते रजेवर असतील तर दुसऱ्याकडे. क्रेडिट लिमिट ओलांडली की ऑर्डर होल्डवर जाते, सरळ नाकारली जात नाही, याबद्दल पूर्ण मार्क. सेल्सच्या लोकांनी सुरुवातीला पार्ट्यांना पोर्टल सांगितलंच नाही, त्यांच्या पार्टीची ऑनलाईन ऑर्डरही त्यांच्याच टार्गेटमध्ये धरायचं ठरलं तेव्हा तेच लॉगिन काढून द्यायला लागले.

ट्रायल घेताना व्हेंडरच्या नमुन्याच्या डेटावर घेऊ नका. आपल्याच जुन्या ऑर्डरींतल्या सगळ्यात किचकट काढा, अर्धवट डिस्पॅच झालेल्या, युनिट बदललेल्या, रेट कॉन्ट्रॅक्टच्या, आणि समोर बसून टाकायला लावा. आमच्याकडे रिटर्नचं अजून जमलेलं नाही, अर्धी पेटी परत आली तर क्रेडिट नोट हातानेच करावी लागते. व्हेंडर पुढच्या व्हर्जनमध्ये देतो म्हणतोय, आलं की इथेच लिहीन.