धक्क्यावर लगेच सुरू होणाऱ्या पिकअपचा पंप उघडला, आणि ३३,७५० रुपये गेले

काटोल भागातून कळमना मार्केटात संत्रा आणणारी एक जुनी डिझेल पिकअप. नागपुरातल्या एका गॅरेजने दोन महिन्यांत तिच्या मालकाकडून ३३,७५० रुपये घेतले. बिघाड होता अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जाड केबलचा, ती दुसरीकडे ३५० रुपयांत नवी बसली. मालकाच्या संमतीने हा हिशोब मांडतो आहोत, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या गाडीवर हीच चाल चालली तर ती वेळीच ओळखू येईल.

तक्रार अशी होती. चावी फिरवली की कधी गाडी पहिल्याच सेल्फला (स्टार्टर मोटरला) सुरू, कधी नुसतं ‘टक्’. चार-पाच वेळा चावी मारली की एखाद्या वेळी सेल्फ उचलायचा. सकाळी इंजिन थंड असताना त्रास कमी. मार्केटात माल खाली करून वीस मिनिटांनी चावी मारली की मात्र ‘टक्’ ठरलेलं. हमालांनी धक्का दिला की दहा पावलांत इंजिन धरायचं, मिसिंग नाही, धूर नाही.

ही शेवटची गोष्ट ऐकल्यावर कोणत्याही जाणत्या मिस्त्रीने डिझेल पंपाकडे हात नेला नसता. धक्क्यावर गाडी लगेच धरते म्हणजे डिझेल पोहोचतंय, पंप प्रेशर देतोय, कॉम्प्रेशन आहे आणि स्टॉप सोलेनॉइड (पंपावरचा, डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) उघडतोय. धक्क्यात इंजिन सेल्फपेक्षा जोरात फिरतं, त्यामुळे थोडा थकलेला पंप त्यात लपू शकतो, हे खरं. पण इथे इंजिन फिरतच नव्हतं. पंप पार जाम झाला नसेल, तर तो कितीही खराब असला तरी सेल्फला फिरायचं थांबवत नाही.

गॅरेजने आधी बॅटरी बदलली, ८,२०० रुपये. जुनी बॅटरी चौदा महिन्यांची होती, वॉरंटीत होती, पण वॉरंटी कार्ड कुणी मागितलंच नाही. दहा-बारा वेळा सेल्फ मारून झाल्यावर लगेच मीटर लावला, १२.१ व्होल्ट दाखवले आणि ‘बॅटरी गेली’ असं सांगितलं. इतक्या वेळा सेल्फ मारल्यावर चांगली बॅटरीही खालीच दाखवते. पूर्ण चार्ज करून, काही तास तशीच ठेवून मोजली तर १२.६ च्या आसपास दाखवायला हवी, आणि खरी परीक्षा सेल्फ फिरताना होते. आठवडाभरात ‘टक्’ परत आलं. मग सेल्फ ‘नवीन’ बसवला, ६,५०० रुपये. जुना सेल्फ मागितला तर उत्तर मिळालं की तो बदल्यात जमा करावा लागतो. पुढे दुसऱ्या मिस्त्रीने या सेल्फवरचा काळा रंग खरवडला, तर खाली मालकाच्या जुन्या सेल्फचाच नंबर निघाला. मालकाकडे त्या नंबरचा आधीचा फोटो होता म्हणून हे उघडकीस आलं. नव्या सेल्फचे पैसे घेऊन त्यांनी कार्बन (आतले झिजणारे ब्रश) बदलले, रंग मारला आणि तोच परत चढवला.

तरीही ‘टक्’ गेलं नाही. तेव्हा निघाला पंप. ‘पंप बसला भाऊ, आज नाही केलं तर गाडी रस्त्यात उभी राहून जाईन.’ पुरावा म्हणून डिझेलच्या पाइपात पारदर्शक नळीचा तुकडा घालून बुडबुडे दाखवले. त्याआधी दहा मिनिटं गॅरेजच्या पोराने फिल्टर उघडला होता. फिल्टर उघडल्यावर लाइनमध्ये हवा शिरतेच. हातपंपाने ती पूर्ण काढेपर्यंत बुडबुडे दिसणारच. नळी बघायची ती इंजिन किमान दहा मिनिटं चालल्यानंतर, आणि मध्ये कोणताही जोड न उघडता. पंप-नोजलचे १८,४०० झाले. जाता जाता ॲक्सिलरेटर केबलही बदलली, ६५० रुपये, कारण ती जाम झाली होती. तीच केबल खरा बिघाड ओरडून सांगत होती.

बॅटरीचं निगेटिव्ह या गाडीत चॅसीला जोडलेलं असतं आणि चॅसीपासून इंजिनपर्यंत वेगळी जाड अर्थिंग जाते. सेल्फ इंजिनवर बसलेला, त्यामुळे त्याने घेतलेला शंभर-दोनशे अँपिअर करंट याच वाटेने परततो. चार महिन्यांपूर्वी क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला होता. परत चढवताना अर्थिंगचा थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) गंजलेल्या, तेलकट जागी रंगावरच आवळला. धातूला धातू लागलाच नाही. करंटला नीट वाट मिळाली नाही की तो ॲक्सिलरेटरच्या आणि क्लचच्या केबलीतून वाट काढतो. त्या तापतात, आतलं प्लास्टिक वितळतं, केबल जाम होते. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटर केबल हाताला गरम लागली तर दुसरं काहीही उघडण्याआधी अर्थिंग बघा. गरम गाडीत त्रास जास्त का, तर तापलेल्या सेल्फच्या वायंडिंगचा रेझिस्टन्स वाढतो, जोर कमी होतो, आणि खराब जोडात व्होल्ट गमावायला त्याच्याकडे उरतच नाहीत.

हे शोधायला साधा डिजिटल मीटर आणि दोन माणसं पुरतात. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन धरू नये म्हणून पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून टोकाला टेप गुंडाळायचा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एकाने चावी मारायची, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन वेळांमध्ये अर्धा मिनिट थांबायचं. पहिलं माप बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही. खुंटी आणि क्लॅम्पच्या मधला गंजही बिघाड असू शकतो. सेल्फ फिरताना इथे ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी संशयित. दुसरं माप निगेटिव्ह खुंटी ते इंजिन ब्लॉकचा स्वच्छ बोल्ट. चांगल्या गाडीत हे ०.२, फार तर ०.३ व्होल्ट. तिसरं, पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड स्टड (केबल आवळायचा बोल्ट), ०.५ च्या आत. चौथं, सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या (हा वेगळा, सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) दोन जाड स्टडमध्ये; ‘टक्’ होताना इथे ०.३ पेक्षा बरंच जास्त आलं तर आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत आणि तेवढेच बदलता येतात, अख्खा सेल्फ नको. चारही मापं बरोबर असून सेल्फ हलत नसेल, तर चावीची बारीक वायर सोलेनॉइडला जिथे लागते तिथे मोजा. चावी मारताना तिथे दहाच्या आसपास व्होल्ट मिळत नसतील तर इग्निशन स्विच किंवा रिले बघायचा.

हे सगळं ‘टक्’ होत असताना मोजायचं. गाडी नीट सुरू होत असताना घेतलेली मापं चांगलीच येतात आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. दुसऱ्या मिस्त्रीने गाडी मुद्दाम कळमन्याहून गरमागरम आणायला लावली. बॅटरीवर ११.४ व्होल्ट, पॉझिटिव्ह बाजूला ०.३, आणि बॅटरी निगेटिव्ह ते ब्लॉक ३.८. म्हणजे सेल्फला पोहोचत होते जेमतेम ७.३. बॅटरीचा व्होल्ट फारसा पडत नाही आणि तरी सेल्फ उचलत नाही, तेव्हा वाट अडलेली असते. मीटर नसेल तर जाड जंपर केबल निगेटिव्ह खुंटीपासून थेट इंजिन ब्लॉकला लावा. सेल्फ झटक्यात फिरला तर उत्तर मिळालं. दुरुस्तीत ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले थिंबल, दोन्ही जागा चकचकीत होईपर्यंत खरवडून स्टार वॉशरसकट आवळणं, आणि वरून ग्रीस, एवढंच लागलं.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, ही तक्रार वेगळी. तिथे सायलेन्सर बघा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेलच पोहोचत नाही. मग स्टॉप सोलेनॉइडवर मीटर लावून चावी मारायची. ‘ऑन’ला १२ व्होल्ट आणि ‘स्टार्ट’ला शून्य असं दाखवणारे घासलेले स्विच जुन्या गाड्यांत सापडतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास असेल तर टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या भागातला पाइप, क्लिप आणि बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर तपासा. रोटरी पंपाची गाडी फक्त तापल्यावर धरत नसेल, तर पंपावर ओला थंड फडका दहा मिनिटं ठेवून बघा. त्यानंतर सुरू झाली तर पंप आतून झिजला आहे आणि मग पंपवाल्याकडे जाणं योग्य. पंप खरंच खराब होतो, आमचं म्हणणं एवढंच की आधी तो खराब असल्याचं दिसलं पाहिजे.

गॅरेजला गाडी सोडण्याआधी सेल्फ, अल्टरनेटर, पंप आणि बॅटरी यांच्या नंबरांचे फोटो काढा, बोल्टवर रंगाचा ठिपका द्या. जुना पार्ट परत देणार की बदल्यात घेणार, घेतल्यास किती रुपये वजा करणार, हे काम सुरू होण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ‘कोणतं माप किती आलं म्हणून हा पार्ट बदलायचा’ हे विचारा. आकडा न सांगता पार्टचं नाव सांगणाऱ्याकडून गाडी परत न्यावी.

या मालकाला बिल मिळालं ते कच्च्या चिठ्ठीवर. पण यूपीआयच्या नोंदी, सेल्फच्या नंबरचे आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि दुसऱ्या मिस्त्रीने लिहून दिलेली मापं त्याच्याकडे आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे पहिली तक्रार नोंदवता येते. तिथे नाही सुटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. स्वतः राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. गाडी धंद्याची असेल तर समोरचा ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असं म्हणेल. स्वतः चालवून त्यावरच पोट भरणाऱ्याला कायद्याने ग्राहक मानलं आहे, तेव्हा तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. आणि सेल्फवरचा उरलेला काळा रंग पुसू नका, आयोगापुढे तो तसाच न्यायचा आहे.