चित्रपटगृहात पाहिलेला अंतिम सामना: पडदा, पॉपकॉर्न आणि एक झेल

महिलांच्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषक स्पर्धेचा भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातील अंतिम सामना २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होता. त्याची तिकिटे मिळवण्याची आमची खटपट घरातील तिन्ही फोनांवर एकाच वेळी फसली, तेव्हा आमच्या उपनगरातील एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहात सामना थेट दाखवणार असल्याची खबर शेजाऱ्यांनी आणली. बाल्कनी २५० रुपये आणि खाली १५० रुपये, असा दर होता. पत्नी, नववीतली मुलगी, सासूबाई आणि मी अशी बाल्कनीची चार तिकिटे काढली. चित्रपटगृहाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्यांचा हा पहिलाच प्रयोग होता आणि झालेल्या चुका पुढच्या वेळी सहज टाळता येण्यासारख्या आहेत. आधीच सांगून टाकतो, की पडदा आणि आवाज यांबाबत पैसे पुरेपूर वसूल झाले. पण येथील मंडळी सामन्याला अखेरपर्यंत तीन तासांचा चित्रपटच समजत राहिली आणि संध्याकाळचे बहुतेक घोटाळे त्यातूनच झाले.

पहिला प्रसंग सामना सुरू होण्याआधीच आला. खेळ दुपारी तीनला सुरू व्हायचा होता, परंतु नेरूळला पाऊस पडत असल्यामुळे नाणेफेक साडेचारच्या सुमारास झाली आणि पहिला चेंडू पाचला पडला. आम्ही अडीचपासून खुर्चीत होतो. पाऊस कोणाच्या हातात नसतो, हे मान्य आहे. मात्र त्या दोन तासांत पडद्यावर मैदानाचे दृश्य ठेवले असते, आच्छादने केव्हा सरकवली, पंच पाहणीला केव्हा आले, हे दिसले असते, तर लोक शांत बसले असते. त्याऐवजी एका दागिन्यांच्या दुकानाची आणि एका बांधकाम व्यावसायिकाची स्थिरचित्रे आलटून पालटून झळकत राहिली. पावसाने थांबलेला खेळसुद्धा प्रेक्षकाला पाहायचा असतो, ही गोष्ट क्रिकेट न पाहणाऱ्या माणसाला पटवणे अवघड आहे. सासूबाईंनी बाळ ज. पंडितांचे आकाशवाणीवरील मराठी समालोचन ऐकत क्रिकेट शिकून घेतले आहे. ‘आमच्या वेळी रेडिओवर पावसाचीही कॉमेंट्री असायची,’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा पुढच्या रांगेतील दोन गृहस्थ माना डोलावून हसले.

दक्षिण आफ्रिकेने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले आणि भारताची फलंदाजी सुरू होताच दुसरी गडबड लक्षात आली. या सभागृहाचा पडदा सिनेमास्कोपचा, म्हणजे उंचीच्या जवळजवळ अडीचपट रुंद आहे, आणि दूरचित्रवाणीचे चित्र सोळास नऊ या प्रमाणातले असते. कडेला काळे पट्टे दिसू नयेत म्हणून चालकाने चित्र मोठे करून पूर्ण पडदाभर केले होते. परिणामी खालची धावफलकाची पट्टी पडद्याबाहेर गेली आणि वर हवेत उडालेला चेंडूही गायब होऊ लागला. पहिली तीन षटके शफाली वर्मा आणि सांगलीची स्मृती मानधना यांनी किती धावा केल्या, हे प्रेक्षकांनी बोटांवर मोजले. खालच्या वर्गातून ‘स्कोअर, स्कोअर!’ असा गजर वाढत गेला, तेव्हा कोणीतरी प्रक्षेपण कक्षात धावले आणि चित्र एकदाचे मूळ मापात आले. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, पण त्याबद्दल कोणीही चकार शब्द काढला नाही.

यानंतर जे पाहायला मिळाले, ते आमच्या घरच्या त्रेचाळीस इंची दूरचित्रवाणी संचावर कधी दिसले नव्हते. एवढ्या मोठ्या पडद्यावर फलंदाजाच्या आधी क्षेत्ररक्षण दिसू लागते. आपली जागा सोडून दोन पावले आत सरकलेली कव्हरची खेळाडू, कर्णधाराच्या हाताची खूण पाहून मागे जाणारी लाँग ऑन, चेंडू सुटण्याआधी यष्टिरक्षकाने बदललेली पावले, असे बारकावे डोळ्यांत भरतात. शफालीच्या ७८ चेंडूंतील ८७ धावा पाहताना त्या प्रत्येक फटक्याची बॅट कोठून खाली येते, हे स्पष्ट कळत होते. उपांत्य सामन्याच्या तोंडावर प्रतिका रावल जखमी झाली नसती, तर ही मुलगी संघातच नसती. मानधना ४५ धावांवर बाद झाली तेव्हा सलामीच्या जोडीने १०४ धावा जोडल्या होत्या आणि बाल्कनीतील एका कुटुंबाने, बहुधा सांगलीकडचेच असावे, कपाळावर हात मारून घेतला. पुढे दीप्ती शर्माच्या ५८ आणि रिचा घोषच्या अवघ्या २४ चेंडूंतील ३४ धावांमुळे भारताने ७ बाद २९८ अशी मजल मारली.

आवाजाचीही प्रशंसा करायला हवी. मैदानातील कोलाहल मागच्या आणि बाजूच्या ध्वनिवर्धकांतून येत होता आणि समालोचन समोरून, त्यामुळे आपण स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर बसलो आहोत असा भास होत होता. समालोचन मात्र हिंदी होते. मराठी वस्तीच्या उपनगरात, महाराष्ट्रात होणाऱ्या अंतिम सामन्यासाठी, प्रशिक्षक अमोल मुझुमदार आणि मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज, राधा यादव यांच्यासारख्या महाराष्ट्रातल्या खेळाडू असताना मराठी समालोचनाचा विचारही कोणाला सुचू नये, याची खंत वाटली. मुझुमदारांची गोष्ट त्या दिवशी आमच्या रांगेत दोनदा सांगितली गेली. १९८८ मध्ये आझाद मैदानावरील शालेय सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा हाच. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही भारताकडून एकही सामना न खेळलेला फलंदाजही हाच. सांगणारे आजोबा वेगवेगळे होते, पण पॅड बांधून बसल्याच्या वाक्यावर दोघांचाही आवाज सारखाच खाली आला.

दोन डावांमधील विश्रांती ही उपाहारगृहाची कसोटी होती आणि तेथे त्याची दाणादाण उडाली. चित्रपटाच्या मध्यंतरात लोक पॉपकॉर्न घेतात आणि परततात. पाच तास झाले म्हणजे मात्र पोटाला जेवण लागते. समोसे दहा मिनिटांत संपले, वडापाव मागवण्यासाठी एक मुलगा स्टेशनकडे पिटाळला, तो दक्षिण आफ्रिकेची चार षटके झाल्यावर परतला. तेव्हाचे ते गार वडे, लसणाच्या चटणीविना, तीस रुपयांना एक या दराने घेण्यासाठी मी स्वतः रांगेत उभा राहिलो, हे कबूल करतो. त्याहून गंभीर तक्रार स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची आहे. एरवीच्या खेळाला दोन कक्ष कदाचित पुरत असतील. पण त्या दिवशी निम्म्याहून अधिक प्रेक्षक स्त्रिया आणि मुली होत्या, त्यात क्रिकेट प्रशिक्षणवर्गातून थेट पांढऱ्या गणवेशात आलेल्या पंधरा-वीस मुलीही होत्या. माझी पत्नी रांगेतून परत आली, तेव्हा ताझ्मिन ब्रिट्स धावबाद झालेली होती. अमनजोत कौरची ती थेट फेक तिने नंतर फोनवर पाहिली. महिलांचा सामना दाखवताना महिला येणार, एवढा अंदाज व्यवस्थापनाने बांधायला हरकत नव्हती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अशा प्रक्षेपणातील चित्र इंटरनेटवरून येते आणि केबलच्या तुलनेत काही सेकंद मागे असते. आमच्या सभागृहात हा फरक अर्ध्या मिनिटाच्या आसपास असावा. सुरुवातीला खालच्या वर्गातील एक तरुण फोनवर धावसंख्या पाहून चेंडू पडण्याआधीच ‘चौका!’ असे ओरडत होता. आजूबाजूच्यांनी त्याला गोडीत, नंतर जरा कडक शब्दांत समजावले आणि त्याचा फोन खिशात गेला. बाहेरच्या वस्तीचा फोन खिशात घालणे मात्र कोणाच्याच हाती नव्हते. चित्रपटगृहाच्या डाव्या बाजूचे बाहेर पडण्याचे दार हवा यावी म्हणून किंचित उघडे ठेवले होते आणि पलीकडच्या इमारतींत केबलवर सामना चालू होता.

दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ड्ट १०१ धावांवर खेळत होती. तिने उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्धही शतक ठोकले होते आणि ती मैदानात असेपर्यंत २९९ चे लक्ष्य मोठे वाटत नव्हते. शफालीने अनपेक्षितपणे गोलंदाजी करून सुने लूस आणि मारिझान काप यांना बाद केले होते, तरी सभागृहातील श्वास मोकळा झाला नव्हता. २०१७ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध हातातला अंतिम सामना नऊ धावांनी निसटलेला पाहिलेली माणसे तेथे बरीच होती आणि ती माणसे शेवटचा बळी पडेपर्यंत हसत नाहीत. दीप्ती चेंडू टाकायला वळली, आणि तेवढ्यात त्या उघड्या दारातून फटाक्यांचा कडकडाट आत आला. पडद्यावर तिने गोलंदाजीसाठी धावत यायला अजून सुरुवातही केलेली नव्हती. साऱ्या सभागृहाला कळून चुकले की बळी पडला आहे. कसा, हे ठाऊक नव्हते. तीन-चारशे माणसे निकाल माहीत असूनही जागेवर थिजली.

वोल्वार्ड्टने चेंडू उंच मारला. अमनजोत धावत आली, चेंडू हातात बसला आणि निसटला. तिने तो पुन्हा उडवला, पुन्हा तो सुटला, आणि जमिनीकडे झुकता झुकता तिसऱ्या प्रयत्नात एका हाताने तिने तो धरला. घरच्या संचावर हा झेल दोन सेकंदांचा असेल. येथे तो चेंडू कोहळ्याएवढा दिसत होता, त्याची शिवण फिरताना दिसत होती, आणि फटाके वाजून गेले आहेत हे माहीत असतानाही दुसऱ्या वेळी तो हातातून निसटला तेव्हा माझ्या मुलीने माझ्या दंडात नखे रुतवली. अडीचशे रुपयांचा हिशोब मी त्या क्षणी मिटवला. शिट्ट्या, टाळ्या, पायांनी लाकडी फळ्या बडवण्याचा आवाज, हे सारे एकपडद्याचे जुने वैभव पूर्ण ताकदीने परतले. तरीही एक सूचना करतोच: ते दार बंद ठेवावे आणि पंखे वाढवावेत.

मध्यरात्रीच्या सुमारास, ४६ व्या षटकात, दीप्तीच्या चेंडूवर नादीन डी क्लर्कचा उंच उडालेला झेल भारताची कर्णधार हरमनप्रीत कौरने मागे धावत टिपला आणि दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ धावांवर संपला. दीप्तीचा तो पाचवा बळी होता. भारत ५२ धावांनी जिंकला. २००५ आणि २०१७ मध्ये हुकलेला चषक अखेर मिळाला. आम्ही उभे राहून ओरडत होतो आणि त्याच क्षणी सभागृहातील सर्व दिवे लागले, चारही दारे उघडली, एक कर्मचारी झाडू घेऊन पहिल्या रांगेत शिरला आणि पडद्यावरचे चित्र फिके होऊन जवळजवळ दिसेनासे झाले. खेळ संपला की दिवे लावायचे, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. खेळाडू मात्र अजून मैदानातच होत्या.

मी दारावरच्या वयस्क कर्मचाऱ्यांकडे गेलो. ‘काका, दिवे घालवा ना, बक्षीस समारंभ बाकी आहे.’

‘साहेब, जिंकलो ना आपण? आता काय राहिलंय?’

‘कप द्यायचा राहिलाय.’

त्यांनी घड्याळ पाहिले, वरच्या मजल्यावर निरोप पाठवला आणि पाच-सात मिनिटांनी दिवे पुन्हा मालवले गेले. निम्मे प्रेक्षक शेवटच्या गाडीच्या धास्तीने निघून गेले होते, त्यांची मला खरोखर हळहळ वाटते. उरलेल्यांनी हरमनप्रीतने चषक उचललेला पाहिला, जखमी प्रतिका रावल चाकांच्या खुर्चीवरून संघात सामील झालेली पाहिली. पांढऱ्या गणवेशातील मुली आता थेट पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. नंतर मैदानात फिरत असताना भारतीय खेळाडूंनी तो चषक जुन्या खेळाडूंच्या हाती दिला, तेव्हा झूलन गोस्वामीला रडू आवरेना. २००५ आणि २०१७ या दोन्ही अंतिम सामन्यांत झूलन आणि मिताली राज खेळल्या होत्या.

दारावरचे काका दारात टेकून उभ्याउभ्या सगळे पाहत होते. आम्ही बाहेर पडू लागलो तेव्हा त्यांनी मला थांबवून विचारले, ‘शेवटी कप धरून रडत होत्या, त्या साध्या कपड्यांतल्या बायका कोण?’

उत्तर सासूबाईंनी दिले. मिताली, झूलन, अंजुम चोप्रा अशी नावे त्यांनी एकेक करून सांगितली आणि काकांनी ती पुन्हा म्हणून घेतली.