१०० टीआयबीचं ऑल-फ्लॅश स्टोरेज: ऑर्डर कोणाला द्यावी?

सहकारी बँक, मोठं इस्पितळ किंवा तीन-चार प्लांटचा कारखाना ऑल-फ्लॅश स्टोरेज (फिरत्या डिस्कशिवाय, फक्त एसएसडीवर चालणारी सामायिक साठवण) घ्यायला निघाला की समोर येणारी नावं बहुधा ठरलेली असतात: डेल, नेटॲप, एचपीई, प्युअर स्टोरेज, आयबीएम आणि हिताची वंतारा. कोअर बँकिंग किंवा ईआरपी आणि सोबत दीड-दोनशे व्हर्च्युअल मशीन एवढा भार यांपैकी कोणाचाही मधल्या श्रेणीतला ॲरे (ड्राइव्ह आणि कंट्रोलर असलेली स्टोरेजची पेटी) नीट मापाने घेतला तर एक मिलिसेकंदाच्या आसपासच्या लेटन्सीत (प्रतिसादाला लागणाऱ्या वेळात) निभावतो. त्यामुळे प्रेझेंटेशनमधल्या लाखो आयओपीएसच्या (सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखनांच्या) आकड्यांवर फार वेळ घालवू नये. पैसे जातात ते कोटेशनखालच्या अटींत, आणि सगळ्यात जास्त कपॅसिटीच्या ओळीत.

कोटेशनवर असतं: २४ ड्राइव्ह, प्रत्येकी ७.६८ टीबी, एकूण १८४ टीबी. आता हिशेब करा. ड्राइव्हवर छापलेला टीबी दशमान असतो आणि सर्व्हर टीआयबीत (१०२४ च्या पटीत) मोजतो, म्हणजे ७.६८ चा ड्राइव्ह ६.९८ टीआयबीच भरतो. दोन ड्राइव्हएवढी जागा पॅरिटीत (ड्राइव्ह गेल्यास डेटा परत उभा करणाऱ्या माहितीत), एक स्पेअरमध्ये गेली की उरतात २१, म्हणजे १४६ टीआयबी. मेटाडेटा आणि सिस्टीमसाठी दहा टक्के धरले की १३१-१३२ (हे प्रमाण कंपनीगणिक बदलतं, लेखी मागा). ॲरे ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही, कारण फ्लॅशला जुने ब्लॉक पुसून मोकळे करायला जागा लागते आणि ती आटली की लेटन्सी चढते. शेवटी हातात आले १०५ टीआयबी. म्हणून टेंडरमध्ये रॉ टीबी लिहूच नका. ‘डीडुप आणि कॉम्प्रेशन न धरता, दोन ड्राइव्ह एकाच वेळी गेले तरी चालणारं, वापरण्याजोगं १०० टीआयबी’ असं लिहा (डीडुप म्हणजे सारखा डेटा एकदाच साठवणं). सहाही कोटेशनं तेव्हाच एका मापात येतात.

‘न धरता’ यावर विक्रेते कुरकुर करतात. डेल पॉवरस्टोअरवर डेटा ५:१ आटवण्याची आणि नेटॲप सॅनच्या (सर्व्हरला थेट डिस्कसारखी जागा देणाऱ्या, म्हणजे ब्लॉकच्या) कामांसाठी ४:१ ची हमी देतं, आणि या गुणोत्तरावर भागाकार करून तुम्हाला वीस-पंचवीस टीआयबीचा ॲरे सुचवला जातो. हमी खोटी नसते, पण आधीच कॉम्प्रेस किंवा एन्क्रिप्ट केलेला डेटा तिच्यातून वगळलेला असतो. सीसीटीव्हीचं फुटेज, स्कॅन केलेल्या पीडीएफ, कॉम्प्रेस करून ठेवलेल्या एक्स-रेच्या प्रतिमा, टीडीई (डेटाबेसचं स्वतःचं एन्क्रिप्शन) चालू असलेला डेटाबेस: इथे १:१ च धरा. साध्या ओरॅकल किंवा एसक्यूएल डेटाबेसला २:१ धरून चालावं. व्हर्च्युअल डेस्कटॉपला मात्र ५:१ सहज निघू शकतं. ॲरेच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्यात थिन प्रोव्हिजनिंग (नुसती कबूल केलेली, अजून न वापरलेली जागा) आणि स्नॅपशॉट (त्या-त्या क्षणाच्या प्रती) मिसळलेले आहेत का तेही पाहा. प्युअर नुसत्या डीडुप-कॉम्प्रेशनचा आणि थिन प्रोव्हिजनिंग धरून एकूण असे दोन आकडे वेगळे दाखवतं, ही चांगली सोय आहे. हमी पुरी झाली नाही तर जादा ड्राइव्ह मोफत येणार का, किती दिवसांत, आणि ते बसवायला शेल्फमध्ये जागा आहे का, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्यावं.

आता कंपन्यांकडे. फाइल शेअर आणि ब्लॉक दोन्ही एकाच पेटीतून द्यायचे असतील तर आमची पहिली पसंती नेटॲप. ओन्टॅप वन या एकाच लायसन्समध्ये स्नॅपमिरर (दुसऱ्या ठिकाणी प्रत) आणि स्नॅपलॉक (पुसता न येणाऱ्या प्रती) येतात, आणि क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट ठेवणाऱ्या) फ्लॅशवरची सी-सीरिज दर टीबीला स्वस्त पडते. पण ॲग्रिगेट (ड्राइव्हचा गट), एसव्हीएम (आभासी स्टोरेज सर्व्हर), एलआयएफ (त्याचा नेटवर्क पत्ता) ही रचना शिकलेला माणूस घरात हवा. आयटीत दोनच माणसं असतील आणि काम मुख्यतः ब्लॉकचं असेल, तर प्युअर घ्या. सुरुवातीची किंमत बहुधा चढी असते, पण एव्हरग्रीन फॉरेव्हर सबस्क्रिप्शनमध्ये दर तीन वर्षांनी नवे कंट्रोलर मिळतात आणि डेटा हलवावा लागत नाही. सबस्क्रिप्शन खंडित झालं तर हा फायदा गेला, म्हणून पुढच्या नूतनीकरणाचा दर आजच बांधून घ्या.

डेलची ताकद पोचण्यात आहे. इंजिनियर आणि पार्टनर बहुतेक शहरांत सापडतात आणि भावातही घासाघीस चालते. जुना अ‍ॅरे लगेच फेकवत नसेल तर आयबीएम फ्लॅशसिस्टीमकडे पाहा. ती दुसऱ्या कंपनीचा ॲरे आपल्या मागे जोडून घेते आणि स्थलांतर सोपं होतं. तिचे फ्लॅशकोअर मॉड्यूल ड्राइव्हच्या आतच कॉम्प्रेशन करतात, त्यामुळे कंट्रोलरवर ताण नाही. मात्र लॉजिकल जागा रिकामी दिसत असताना खरी जागा संपू शकते आणि तेव्हा व्हॉल्यूम ऑफलाइन जातात, म्हणून खऱ्या जागेचा अलर्ट वेगळा लावणं सक्तीचं समजा. हिताचीची व्हीएसपी १०० टक्के डेटा उपलब्धतेची हमी देते. एवढ्या छोट्या गरजेला ती क्वचितच परवडते.

३पार २०१० मध्ये तेव्हाच्या एचपीने आणि निंबल २०१७ मध्ये एचपीईने घेतली, पुढे प्रायमेरा आली, मग अलेट्रा. निंबलकडून आलेलं इन्फोसाइट हे निदानाचं साधन खरोखर उपयोगी आहे. फक्त मॉडेलची नावं इतकी बदलली आहेत की विक्री आणि सपोर्ट कधी संपणार याच्या तारखा लेखी मागाव्यात. (हे सगळ्यांनाच विचारा.) इन्फोसाइट काय किंवा दुसऱ्या कोणाचं कॉल-होम (पेटीने आपली तब्येत कंपनीला आपोआप कळवणं) काय, बाहेर टेलिमेट्री पाठवल्याशिवाय निरुपयोगी. तुमची सिक्युरिटी टीम ते बंद ठेवणार असेल तर त्या गुणाला मार्क देऊ नका.

फर्मवेअरचा विषय टेंडरमध्ये कोणी काढत नाही, तो काढा. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं होतं की काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, बंद पडतील आणि डेटा परत मिळणार नाही. उपाय होता एचपीडी८ फर्मवेअर. एकाच दिवशी चालू केलेले सगळे ड्राइव्ह एकाच वेळी जाणार असतील तर रेड (पॅरिटीचं संरक्षण) काय वाचवणार? म्हणून ड्राइव्हचं फर्मवेअर वर्षातून दोनदा कोण चढवणार, पार्टनर की तुम्ही, आणि ते काम एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) धरलंय का, हे ठरलेलं असावं.

पीओसी (खरेदीआधीची चाचणी) घ्यायचीच. रिकाम्या ॲरेवर शून्यांनी भरलेला डेटा लिहिला तर कोणीही पहिला येतो. आधी ॲरे ७० टक्के भरा. व्हीडीबेंच या भार टाकून पाहण्याच्या साधनात कॉम्प्रेशनचं गुणोत्तर २ ठेवा, ८ केबीचे रँडम ब्लॉक, ७० टक्के वाचन आणि ३० टक्के लेखन, किमान चार तास. सरासरी लेटन्सी सोडून ९९ व्या पर्सेंटाइलचा आकडा नोंदवा. चाचणी चालू असतानाच एक कंट्रोलर उपसा, मग एक ड्राइव्ह. दोन्ही कंट्रोलर एरवी ७० टक्क्यांवर चालत असतील तर एक गेल्यावर दुसऱ्याला ते झेपत नाही, आणि इथेच ते उघडं पडतं. चुकीचं मल्टीपाथही (सर्व्हर ते ॲरे अनेक वाटांची जोडणी) इथेच सापडतं: चारही पाथ एकाच कंट्रोलरला गेलेले असतात आणि फेलओव्हरपर्यंत कोणाला पत्ता नसतो. सर्व्हर, एचबीए (स्टोरेजला जोडणारं कार्ड) आणि स्विच यांच्या आवृत्त्या नेटॲपच्या आयएमटीत, एचपीईच्या स्पॉकमध्ये किंवा डेलच्या ई-लॅबमध्ये, म्हणजे त्यांच्या सुसंगततेच्या याद्यांत, आधी ताडून घ्या. व्हीव्हॉल्स (प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला ॲरेवर स्वतंत्र व्हॉल्यूम देण्याची पद्धत) वापरत असाल तर व्हीएमवेअरने आवृत्ती ९ पासून ते निवृत्तीच्या वाटेवर टाकले आहेत, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

डीआरबद्दल (आपत्तीसाठी दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीबद्दल) एवढंच: फायबरमध्ये दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन साधारण एक मिलिसेकंद लागतो. ऐरोली ते पुणे सिंक्रोनस (दोन्हीकडे लिहून झाल्यावरच पुढे जाणारं) जमू शकतं. मुंबई ते हैदराबादला प्रत्येक राइटला सात-आठ मिलिसेकंद थांबावं लागेल, तिथे असिंक्रोनसच घ्या.

सपोर्टच्या ओळीतला ‘४ तास’ हा शब्द नीट वाचा. बहुधा तो प्रतिसादाचा असतो, दुरुस्तीचा नसतो. लातूर, जळगाव किंवा कोल्हापूरला पेटी बसणार असेल तर पार्टचा डेपो कोणत्या शहरात आहे ते विचारा; तो मुंबई-पुण्यात असेल तर चार तासांत कंट्रोलर पोचणार नाही, त्यापेक्षा एक स्पेअर ड्राइव्ह कपाटात असलेला बरा. बँक आणि इस्पितळाने खराब ड्राइव्ह परत न देण्याचा पर्याय पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्यावा, नाहीतर ग्राहकांचा डेटा ड्राइव्हसोबत बाहेर जातो. चौथ्या-पाचव्या वर्षाचा एएमसी दरही त्याच ऑर्डरमध्ये गोठवा. नंतर विचारलात तर नवा ॲरे घेणं स्वस्त वाटावं असा आकडा येऊ शकतो.

आणि भावाची वेळ साधा. डेल आणि प्युअर यांचं आर्थिक वर्ष जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर संपतं, नेटॲपचं एप्रिलअखेर, एचपीईचं ३१ ऑक्टोबरला, आयबीएमचं डिसेंबरअखेर, हिताचीचं ३१ मार्चला. त्याआधीच्या दोन आठवड्यांत पीओ (खरेदी ऑर्डर) तयार ठेवून अंतिम भाव मागावा. डिलिव्हरीची तारीख आणि उशिराचा दंड तेवढा सवलतीच्या बदल्यात सोडू नका.