आठ महिने ओढ्यावरची लाईट : घरगुती जलविद्युत संचाचा अनुभव

राधानगरी तालुक्यात आमची वस्ती डोंगराच्या कुशीत आहे. खाली धरणाच्या पायथ्याला वीजघर आहे, पण वादळात एखादं झाड तारेवर पडलं की आम्ही दोन-दोन दिवस अंधारात. सौर पॅनेल होतं, पण जुलैत ऊन कुठलं? म्हणून गेल्या जूनमध्ये घरामागच्या ओढ्यावर छोटं टर्बाइन बसवलं.

आधी मापं घेतली. २०० लिटरचा बॅरल २५ सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला ८ लिटर. उतार १२ मीटर. हिशेबाने साधारण ९४० वॅट येतात, पण पाईपातलं घर्षण, टर्बाइन आणि जनित्र आपापला वाटा खातात. हातात ४५० च्या आसपास पडतात. विकणारा पूर्ण आकडाच सांगत होता. पाईप मशीनपेक्षा महाग पडला, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

बघायला येणारा प्रत्येकजण एकच विचारतो, "मोटर चालते का?" नाही चालत. ५ एचपीची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॅट, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढणार. उसाला पाणी पाजायला अजूनही थ्री फेजची वाट बघतो. रात्रपाळी असली की बॅटरी घेऊन बांधावर जाणं सुटलेलं नाही. कुट्टी मशीनही त्याच लाईनवर.

खरा फायदा झाला तो भाताला. आमच्याकडे गवे आणि डुकरं. भात पोसवायला लागलं की आबा माळ्यावर झोपायचे. कुंपणाच्या तारेत विजेचा हलका झटका सोडणारं झटका मशीन आधीपासून होतं, पण ढगाळ दिवसांत सौर पॅनेलवर त्याची बॅटरी भरायची नाही आणि नेमकी पहाटे मान टाकायची. आता ती ओढ्यावर भरते. यंदा आबा घरात झोपले. तरी दोनदा उठून बघून आलेच, तो भाग वेगळा.

घरातले दिवे बंद केले की मशीन उधळू नये म्हणून कंट्रोलर उरलेली वीज पाण्यातल्या हीटरकडे वळवतो. हा हीटर आम्ही गोठ्याशेजारच्या पिंपात सोडलाय. पहाटे धार काढायच्या वेळी पाणी कोमट असतं. आईच्या मते सगळ्या खटाटोपात कामाची गोष्ट एवढीच.

तक्रार पाणी पाईपात घेतो तिथल्या जाळीची. श्रावणात पालापाचोळा एवढा येतो की दिवसातून दोनदा झाडायला लागायची. बल्ब पिवळा पडला की समजायचं, जाळी तुंबली. एकदा जाळी स्वच्छ, तरी उजेड नाही. भर पावसात इरलं घेऊन खाली गेलो, नोझल खोललं, तर आत खेकड्याची नांगी. बाकीचा खेकडा कुठं गेला ते टर्बाइनलाच माहीत! आता पाईपच्या तोंडाला आणखी एक बारीक जाळी लावलीय.

एकदा बेअरिंग बदललं, ते गावातच मिळालं. कंट्रोलर बिघडला तर मात्र पंचाईत होईल असं दिसतं. इथला एकही वायरमन त्याला हात लावायला तयार नाही.

घ्यायचं असेल तर पावसाळ्यात माप घेऊ नका, तेव्हा सगळेच ओढे नदी असतात. दिवाळीनंतर बॅरल घेऊन जा. आमचा परवा भरायला ४० सेकंद लागले.