शेपटीवरचा रंग आणि भिंतीवरचं कॅलेंडर : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या डिसेंबरात गुरांवर खूण करायच्या रंगाच्या दोन कांड्या मागवल्या. मेणाच्या खडूसारखी जाड कांडी असते, गायीच्या शेपटीच्या मुळाशी पाठीच्या कण्यावर पट्टा ओढायचा. गाय माजावर आली की दुसरी जनावरं तिच्यावर चढतात आणि रंग पुसला जातो. एवढंच काम. नऊ महिने वापरून झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा गोठा देवगड तालुक्यात. दोन जर्सी संकरित, एक तांबूस कोकण कपिला आणि दोन वर्षांची संकरित पाडी. गेल्या साली थोरली जर्सी व्यायल्यावर सात महिने रिकामी राहिली. आजारी नव्हती, आम्हाला माज दिसलाच नाही. माज टिकतो जेमतेम बारा ते अठरा तास, त्यातही बरंचसं चढणं रात्रीचं. सकाळी सहाला आम्ही घमेलं घेऊन आत जायचो तोवर सगळं आटपलेलं. एक माज चुकला की पुढचे एकवीस दिवस पेंड, पेंढा, मेहनत तशीच चालू आणि वेत लांबलेलं. दूध विकून घर चालवणाऱ्याला हे किती लागतं ते वेगळं सांगायला नको.

पट्टा वीतभर लांब, तीन बोटं रुंद. आधी तिथलं शेण-माती ब्रशने साफ करायची, मग केसांच्या उलट दिशेने एकदा आणि सुलट दिशेने एकदा घासायचं. मी पहिल्यांदा लाल कांडी घेतली आणि तिथेच चुकले. तांबड्या अंगावर लाल रंग गोठ्यातल्या दिव्यात दिसतच नाही. पिवळट हिरवी आणल्यावर लांबूनही कळू लागलं.

11 फेब्रुवारीची सकाळ मला अजून दिसते. थोरलीचा पट्टा जवळजवळ नाहीसा, केस उलटे विस्कटलेले, आणि पाडीच्या पांढऱ्या छातीवर हिरवा डाग. म्हणजे चढली ती पाडी, आणि उभी राहिली ती थोरली. हे महत्त्वाचं आहे. चढणारी माजावर असेलच असं नाही. दुसरी अंगावर आल्यावर जी न हलता उभी राहते, माज तिचा. योनीतून सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ लोंबत होता, बोटांत धरला तर तुटत नव्हता. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची (कृत्रिम रेतन करून घ्यायचं), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण गायीचं स्त्रीबीज माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी सुटतं. त्याच संध्याकाळी भरवून घेतली.

कपिलीच्या बाबतीत मात्र रंगाचा काही उपयोग झाला नाही. ती मारकी, म्हणून पडवीत एकटी बांधलेली. तिच्यावर चढणार कोण? पट्टा दोन महिने जसाच्या तसा, आणि मी समजत होते की ती माजावर येतच नाही. 9 एप्रिलला सासूबाईंनी हाक मारली, "गो, ह्या रगात बघ. दोन दिस आधी माजार इल्ली ती, आपणाक कळला नाय." शेपटीच्या गोंड्याला सुकलेल्या रक्ताची बारीक रेघ होती. आमच्याकडे बरेच जण म्हणतात की रक्त पडलं म्हणजे गाय फळली नाही, गाभण राहिली नाही. तसं नसतं. माज गेल्यावर साधारण दोन दिवसांनी असं रक्त पडतं, गाय भरवलेली असो वा नसो. ते फक्त तारीख सांगतं, आणि तीच आमच्या कामी आली. त्या दिवसापासून एकोणीस मोजून कॅलेंडरवर 28 एप्रिलला गोल केला. दोन दिवस आधीपासून रात्री दहाला आणि पहाटे पाचला बॅटरी घेऊन फेरी. 28 ला पहाटे ती हंबरत होती, दूध लिटरभर कमी, सोट स्वच्छ. तिलाही संध्याकाळी भरवून घेतली. ज्यांच्याकडे एकच गाय, तीही बांधलेली, त्यांनी कांडीवर पैसे घालू नयेत. कॅलेंडर आणि दोन फेऱ्या पुरतात.

पावसाने परीक्षा पाहिली. बाकीच्या महिन्यांत आठवड्याला एकदा पट्टा ओढला की भागायचं, जुलैत दर दोन दिवसांनी. ओल्या केसांवर रंग बसत नाही, आधी फडक्याने कोरडं करावं लागतं. चरायला सोडलेली गाय काजूच्या खालच्या फांदीला पाठ घासून आली तरी पट्टा जातो, म्हणून नुसता रंग गेला एवढ्यावर भरवणाऱ्याला कधीच फोन करू नये. सोट, हंबरणं, दूध, यातलं आणखी काहीतरी दिसलं पाहिजे.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट. गाय माजावर आहे हे रंग सांगतो, ती गाभण आहे की नाही हे सांगत नाही. थोरली एकवीस दिवसांनी उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, बेचाळीसलाही नाही, म्हणून मी तिला गाभण धरून चालले आणि तपासणी राहून गेली. मेच्या अखेरीस एका सकाळी तिचा पट्टा साफ! मला वाटलं, उलटली. भरवायला बोलावलं. आलेल्या माणसाने आधी माझी वही मागितली, 11 फेब्रुवारी वाचलं आणि नळी बाजूला ठेवून हात घालून तपासलं. साडेतीन महिन्यांची गाभण. काही गायी गाभण असतानाही माज दाखवतात, आणि तशा गायीला भरवलं तर गर्भ पडू शकतो. त्यांनी घाई केली असती तर आमचं वासरू गेलं असतं. त्या दिवशी त्यांना चहा देताना माझे हात थरथरत होते. तेव्हापासून आमच्या घरात नियमच आहे, भरवल्यावर नव्वद दिवसांनी हाताची तपासणी झालीच पाहिजे. न उलटणं म्हणजे फळणं नव्हे. मुका माजही असतो, बाहेरून काहीच न दिसणारा.

गोमूत्रात पाणी मिसळून त्यात मूग भिजत घालायची परीक्षाही केली. गाभण गायीच्या मुताने मोड येणं खुंटतं. थोरलीच्या वाटीत मोड आले नाहीत, कपिलीच्या वाटीत अर्ध्याच मुगांना आले. पाच दिवस थांबून असा अर्धवट निकाल, मी त्यावर गाय ठरवणार नाही.

धाकटी जर्सी जूनमध्ये पट्ट्यावरूनच धरली, तिची तपासणी गणपतीनंतर. पाडीचा माज दोनदा बरोबर दिसला, वजन भरल्यावर भरवू. थोरली नोव्हेंबरात विणार. कपिलीला जुलैअखेर हात घातला, तीही गाभण. डिसेंबर लागताच तिला आटवायची आहे, म्हणजे विण्याआधी दूध काढणं थांबवायचं. नव्या वर्षाचं कॅलेंडर अजून घरात यायचंय, म्हणून तिच्या विण्याचा फेब्रुवारीचा पहिला आठवडा जुन्याच्याच पाठीवर लिहून ठेवलाय.